उचगावच्या चौकात लागलेलं ध्येय

"तुम्हाला काय पाहिजे?" असं आमच्या कोल्हापुरात दोनच माणसं विचारतात. एक हॉटेलातला वेटर आणि दुसरा भांडायला आलेला माणूस. वेटरला आपण उत्तर देतो, भांडायला आलेल्यासमोर बाह्या सारतो. तिसऱ्याच कुणी हा प्रश्न विचारला की माणूस गडबडतो, मागं वळून बघतो, की हे मलाच विचारलं काय. हे मला समुपदेशनाचा कोर्स केल्यावर कळलं. आणि कोर्स मी काही हौसेनं केला नाही, मला पाठवलं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, एचआरला आहे. एचआर हे नाव अलीकडचं. हजेरी, रजा, कॅन्टीनच्या आमटीच्या तक्रारी आणि कोण कुणाच्या अंगावर धावून गेला ते निस्तरणं, हे काम जुनंच आहे. माझं माहेर नेसरीचं. तिकडं कानडी मुलूख जवळ, म्हणून थोरल्या बहिणीला अक्का. ते नाव माझ्या मागोमाग फौंड्रीत आलं आणि आता साचे भरणारे, माझ्याहून वयानं मोठे मोल्डरसुद्धा मला अक्काच म्हणतात. आवाज जन्मजात मोठा. भट्टी चालू असताना मी शॉपच्या, म्हणजे कामाच्या शेडच्या, ह्या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारते आणि तो येतो.

त्या वर्षी शॉपमध्ये भांडणं फार व्हायला लागली होती. मालक कुठल्याशा बैठकीला गेले, तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं की कामगारांचं मन मोकळं झालं पाहिजे. परत आले ते मला बोलावूनच. म्हणाले, "अक्का, तुम्ही समुपदेशनाचा कोर्स करा. शनिवार-रविवारचा आहे, कंपनी पाठवेल."

"साहेब, मी रोज तेच करते की," मी म्हटलं. "दोघांना समोर उभं करून शिव्या घालते, दोघं गप्प होतात."

"तेच बदलायचंय," मालक म्हणाले.

कोर्सच्या बाई इतक्या हळू बोलायच्या की पहिल्या दिवशी मी मागनं ओरडले, "बाई, जरा मोठ्यानं!" आणि सगळा वर्ग दचकला. बाई मात्र हसल्या. त्यांनी सांगितलं, माणसाच्या मूळ गरजा पाच. जगणं, म्हणजे पोट, झोप, सुरक्षितता. मग आपलेपणा. मग मान. मग मोकळीक, आणि शेवटी मजा. माणूस जे जे करतो, बरं की वाईट, ते ह्यातलं काहीतरी पदरात पडावं म्हणून. एखादा उगीच भांडतोय असं वाटलं तर समजायचं, त्याची कुठलीतरी गरज उपाशी आहे. मला हे एकदम पटलं. फक्त क्रम पटला नाही. मी हात वर करून म्हटलं, "बाई, आमच्याकडं पोटाच्या आधी मान. लग्नात पंगतीला बसा म्हणून दुसऱ्यांदा कुणी म्हटलं नाही तर माणूस उपाशी घरी जातो आणि पुढं वर्षभर तेच सांगत फिरतो."

"छान निरीक्षण," बाई म्हणाल्या. बाई सगळ्यालाच छान निरीक्षण म्हणायच्या.

मग त्यांनी चार प्रश्न शिकवले. तुम्हाला काय पाहिजे? त्यासाठी सध्या काय करताय? त्याचा उपयोग होतोय का? मग आता काय करणार? समोरच्याला ह्या चार पायऱ्या चढवत न्यायचं आणि वर गेल्यावर त्याचं त्यालाच ध्येय ठरवू द्यायचं. ध्येय लहान पाहिजे, नेमकं पाहिजे, लगेच करता येईल असं पाहिजे आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या हातातलं पाहिजे. दुसऱ्यानं कसं वागावं हे आपलं ध्येय होऊ शकत नाही. ठरलेलं ध्येय विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवावं, म्हणजे माणूस त्याला धरून राहतो. आणि सल्ला? सल्ला अजिबात द्यायचा नाही. हे ऐकून मला घामच फुटला. कोल्हापुरात साधा पत्ता विचारला तरी सांगणारा पत्ता सांगतो, जेवायचं कुठं ते सांगतो आणि ज्याच्याकडं चाललाय तो माणूस कसा आहे तेही सांगतो. सल्ला न देता राहायचं म्हणजे काय तोंडाला पट्टी बांधायची?

तर कोर्स झाला. कॅन्टीनशेजारची अडगळीची खोली झाडून घेतली, दोन खुर्च्या टाकल्या, पडदा लावला. मी आवाज मऊ करायची घरी आरशासमोर तालीम केली. पहिला कामगार आला, मी त्या मऊ आवाजात म्हटलं, "या. बसा. कसं वाटतंय?" तो दारातच थिजला. "अक्का, घरात कोण गेलं काय?" म्हणाला. दुसरा येताना साडूला घेऊन आला. मी म्हटलं, इथं एकट्यानं यायचं असतं, तर म्हणाला, "असू द्या की, त्येला समदं म्हाईत हाय." आणि जो येईल त्याचं ध्येय दुसऱ्याच्याच मानगुटीवर. सुपरवायझरनं सुधारलं पाहिजे. बायकोनं मोबाइल खाली ठेवला पाहिजे. सासऱ्यानं जावयाला जावयासारखं वागवलं पाहिजे. स्वतःच्या हातातलं एकाचंही काही नाही.

अशात एक दिवस क्रेनवाले मामा आले. आले म्हणजे सुपरवायझरनं पाठवले. मामा उचगावचे, पन्नाशी ओलांडलेले, मिशी भरघोस आणि आवाज माझ्या तोडीस तोड. आमच्या शॉपच्या छताखालनं एक मोठी क्रेन सरकते. तिला टांगलेल्या लॅडलमधनं वितळलेलं लोखंड भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायचं, हे मामांचं काम. लॅडल म्हणजे बादलीच, पण माणूस उभा मावेल एवढी. खाली माणसं वावरत असतात, त्यामुळं मामा वरनं सारखे ओरडत असतात, सरका, मरायचंय काय. त्या दिवशी मामा ओरडलेच नाहीत. लॅडल अधांतरी लटकत राहिलं आणि मामा वर नुसते बसून. खालच्यांनी बोंब मारली तेव्हा भानावर आले.

मी आवाज मऊ केला. "मामा, तुम्हाला काय पाहिजे?"

"मला काय नको अक्का. बास हाय समदं."

अशा वेळी गप्प बसायचं, असं बाईंनी शिकवलं होतं. मी गप्प बसले. आमच्या माणसांना शांतता अजिबात सोसत नाही. मामांनी खुर्ची हलवली, पडद्याकडं बघितलं, टोपी काढली, घातली आणि म्हणाले, "थोरला पुण्याला चाललाय. कायमचा. दिवाळी झाली की पोरगा न्यायला येणार हाय."

थोरला म्हणजे मामांचा सख्खा मोठा भाऊ. दोघांची घरं एकाला एक लागून, मधली भिंत एकच. थोरल्यांची बायको गेलेली, मुलगा-सून पुण्यात. आणि हे दोघं भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर जत्रेचा पांढरा रस्सा. जत्रेला पावणे आलेले, अंगणात चूल मांडलेली, रस्सा मामांनी केलेला. नारळाचं दूध फाटलं. थोरल्यांनी भरल्या पंगतीत वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि पावण्यांना म्हणाले, "ह्यो रस्सा न्हाय, कपडं धुतल्यालं पाणी हाय." पंगत हसली. मामा स्वतःच्या ताटावरनं उठले. उपाशी. तेव्हापासनं बोलणं बंद. मी मनात म्हटलं, बघा बाई, पोटाच्या आधी मान.

"मग आता तुम्हाला काय पाहिजे, मामा?"

"त्येनं माफी मागावी."

"ते त्यांच्या हातात आहे. तुमच्या हातात काय आहे?"

"माफ करणं. त्येनं मागिटली की लगीच करतो. दोन मिंटं लावणार न्हाय."

माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू! अहो, फाटलेल्या रश्श्यासाठी सख्खा भाऊ सोडता होय, लाज वाटते का मिशी ठेवायला, असं सगळं ओळीनं उभं राहिलं. मी घटाघटा पाणी प्याले आणि दुसरा प्रश्न विचारला. "त्यासाठी सध्या काय करताय?"

"वाट बगतोय."

"त्याचा उपयोग होतोय का?"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मान खाली घालून म्हणाले, "सकाळी त्यो खोकला की भिंतीपलीकडनं मला ऐकू येतंय. मग मी उठतो. घड्याळ न्हाय लागत. आता त्यो गेला म्हणजे..." एवढा मिशीवाला माणूस, टोपीनं डोळे पुसायला लागला. मलाही कसंतरी झालं. मी पुन्हा पाणी प्याले.

"मग आता काय करणार?"

एकदम मामांच्या अंगात आलं. "गावजेवण घालतो."

"लहान ध्येय पाहिजे, मामा."

"मग बोकड कापतो. भावकी तेवढी बोलावतो."

"अजून लहान."

"अजून लहान?" मामा वैतागले. "मग काय नुसता च्या पिऊ त्येच्या घरात जाऊन?"

"बघा, जमतंय का."

मामांनी बराच विचार केला. बोकड कापायला ते एका पायावर तयार होते, चहाला घाबरत होते. शेवटी म्हणाले, "पितो. रविवारी सकाळी. जातो, म्हणतो च्या टाक. पितो आन येतो." मला इतका आनंद झाला! लहान, नेमकं, लगेचचं आणि स्वतःच्या हातातलं. बाईंनी फळ्यावर लिहून काढलं असतं असं ध्येय. मी म्हटलं, "आता हे तुमच्या विश्वासातल्या एकाच माणसाला सांगून ठेवा. आहे का कुणी?"

"हाय की. जिवाचा दोस्त हाय."

दोस्त काय करतो, हे मी विचारलं नाही. कोर्समध्ये तसा प्रश्नच नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी स्कूटीवरनं कामाला निघाले. उचगावच्या चौकाजवळ आले, बघते तर माझंच तोंड. केवढं? घराच्या दाराएवढं. सुरक्षा सप्ताहात काढलेला पिवळ्या हेल्मेटमधला फोटो, आमच्या नोटीस बोर्डावरचा. मी ब्रेक दाबला, मागचा रिक्षावाला मला काहीतरी बोलला, मी त्याला त्याहून जास्त बोलले आणि वर बघितलं. फ्लेक्स दुमजली होता. मधोमध काळ्या गॉगलमधले मामा, हात जोडून. वर मोठ्या अक्षरांत, "थोरल्या बंधूंच्या घरी चहा पिण्याचा धाडसी निर्णय घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" त्याखाली, "रविवारी सकाळी. भाऊ भेटणार, अख्खं उचगाव बघणार!" कोपऱ्यात थोरल्यांचा फोटो, कुठल्यातरी लग्नातला, फेटा बांधून घेताना. आणि माझ्या हेल्मेटखाली लिहिलेलं, "मार्गदर्शन: फौंड्रीच्या अक्का." शुभेच्छुक समस्त मित्रमंडळ. जिवाचा दोस्त मंडळाचा अध्यक्ष होता आणि त्याचं फ्लेक्स छापायचं मशीन होतं.

मी शॉपमध्ये शिरले ती मऊ आवाज गेटबाहेर ठेवूनच. "मामा! खाली उतरा!" भट्टीवरच्यांनीसुद्धा हातातलं काम टाकलं. मामा उतरले. "गोपनीय म्हणजे काय कळतं का तुम्हाला? एकाच माणसाला सांगा म्हटलं होतं ना मी?"

"एकालाच सांगिटलं की," मामा म्हणाले. "आईशप्पत, दुसऱ्या कुणापाशी तोंड उघडलं आसंल तर." आणि ते खरंच बोलत होते. त्यांना स्वतःलाही तो फ्लेक्स सकाळीच दिसला होता. शिवाय मनातनं थोडा आवडलाही होता, ते मला त्यांच्या मिशीवरनं कळत होतं. म्हणाले, "फोटू तेवढा झ्याक आलाय न्हवं?"

झ्याक आलेला तो फोटो दुपारपर्यंत मोबाइलवरनं पुण्याला पोचला. थोरल्यांच्या मुलानं बघितला आणि त्याचं डोकंच फिरलं. माझ्या बापाची चौकात थट्टा चाललीय, म्हणाला, दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं? शनिवारी टेम्पो पाठवून घरातलं सामान उचललं आणि निरोप दिला, रविवारी सकाळी मी स्वतः गाडी घेऊन येतो, बाबांना घेऊन जातो, विषय संपला.

शनिवारी शिफ्ट सुटताना मामा माझ्या टेबलासमोर आले. आवाज इतका बारीक की कोर्सच्या बाईंना अभिमान वाटला असता. "अक्का, ऱ्हाऊ दे आता. मी न्हाय जात. एवढं गाव जमणार. समद्यांच्या म्होरं त्येनं दार लावलं तर मी तोंड कुठं दावू? आन उद्या त्यो जाणारच हाय."

मी बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यांच्या निर्णयाचा आदर करा. सल्ला देऊ नका. तुम्हाला स्वतःला आत्ता काय वाटतंय?"

"मला वाटतंय बाई, एकेकाच्या कानाखाली जाळ काढावा."

"छान निरीक्षण," बाई म्हणाल्या.

रविवारी मी उचगावला गेले. समुपदेशकानं असं जायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण माझं तोंड तिथं चौकात टांगलेलं, आणि एका माणसाचा भाऊ न बोलता निघून चाललेला. घरी बसून काय भाजी निवडू? गल्ली भरलेली होती. मंडळाची पोरं पांढरे शर्ट घालून हजर, दोघांच्या गळ्यात हलगी. "हलगी वाजली तर गाठ माझ्याशी आहे," मी दम दिला. त्यांनी मला फ्लेक्सवरनं ओळखलं आणि वाट दिली. मामांच्या दारात मामी उभ्या होत्या. आत मामा इस्त्रीचा शर्ट घालून कॉटवर बसलेले, हलायला तयार नाहीत. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, सरळ शेजारच्या घरात गेले.

घर रिकामं. थोरले भुईवर बसलेले, बाजूला एक बॅग. मामांचंच तोंड, फक्त पिकलेलं आणि मिशी बारीक. "या, बसा पावणं," म्हणाले. "बसायला काय ठेवलं न्हाय पोरानं, तेवढं सांभाळून घ्या." मग माझ्याकडं निरखून बघितलं. "तुमीच न्हवं त्या? पिवळी टोपी कुठं हाय?"

मला वाटलं, आता फोडतात हे आपल्याला. मी आधीच म्हटलं, "तो फ्लेक्स... त्यात माझी काही चूक नाही. तुम्हाला राग आला असेल."

"राग?" थोरले म्हणाले. "राग कशाचा? येतो म्हणून लिवलंय. पर किती वाजता ते लिवलं न्हाय की. सकाळी म्हंजी किती वाजता? मी पाटंपासनं बसलोय हितं. आन काल पोरानं गॅस टेंपोत घातला. कप न्हाय, साखर न्हाय, दूध न्हाय. अख्ख्या चौकात छापून त्यो माझ्याकडं च्याला यायलाय, आन मी त्येला देऊ काय? पाणी?" इतक्या वर्षांनी भाऊ येणार आणि घरात कप नाही, ह्या एका गोष्टीनं तो म्हातारा माणूस पार खचला होता. दार लावायचं तर त्यांच्या मनातही नव्हतं. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"शेजारनं मागून आणू का मी?"

"शेजार म्हंजी त्योच की," म्हणाले. मग उठले, मागच्या दारानं परड्यात गेले. परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा, तिथं दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. थोरले भिंतीजवळ उभे राहून नुसते खाकरले. पलीकडनं मामी आल्या, हातात ताट, ताटात किटली आणि तीन कप. चहा तयारच होता.

मी बघतच राहिले. "मामी, तुमचं ह्यांच्याशी बोलणं आहे?"

"मला कोन काय बोललंय?" मामी म्हणाल्या. "भांडण त्या दोगांचं. थोरल्यांची भाकरी-कालवण रोज हितनंच जातंय की ओ. बाई माणूस न्हाय घरात, खाणार काय त्येनी?"

म्हणजे एवढी वर्षं एक भाऊ दुसऱ्याच्याच चुलीवरचं जेवत होता आणि दोघं वैरी म्हणून गावात फिरत होते! कुठल्या कोर्समध्ये शिकवणार हे? मी पुढच्या दारात आले आणि पोटापासनं आवाज काढला. "मामा! चला! च्या निवतोय!"

मामा बाहेर आले. त्यांच्या दारापासनं थोरल्यांच्या दारापर्यंत चार ढांगा, पण मामांनी त्या अशा टाकल्या की बघणाऱ्यांचे श्वास अडकले. आत आले, उभे राहिले. भावाकडं बघायचं टाळून ताटाकडं बघितलं.

"कप आमचं हायत," मामा म्हणाले.

"व्हय," थोरले म्हणाले. "च्या बी तुमचाच हाय. बस."

मामा बसले. मला वाटलं, आता मामींची चोरी उघडी पडली, आता नवं भांडण. पण मामा कप उचलत पुटपुटले, "म्हाईत हाय मला. दोन माणसं घरात, आन भाकरी चौघांच्या थापती. मी कवा इचारलंय का?" मग दोघांनी चहा प्यायला. एक शब्द नाही. माफी नाही, गळाभेट नाही, काही नाही. नुसतं फुर्र फुर्र. तेवढ्यात बाहेर कुणाला राहवलं नाही आणि हलगी कडाडली. मामा ताडकन उठून दाराकडं वळले आणि अध्यक्षाच्या आईबापांपासनं शिव्यांना सुरुवात केली.

"वरडू नको," मागनं थोरले म्हणाले. "पावणी बसलीया." आणि मामा थोरल्याचं ऐकून गप्प बसले. अख्ख्या फौंड्रीत त्यांना असं गप्प करणारा माणूस नाही.

मग गाडी आली. मुलगा तावातावानं आत आला, काका आणि बाबा शेजारी शेजारी बसलेले बघून गाडीची किल्ली फिरवत उभा राहिला. पण घर भाड्यानं दिलेलं, सामान पुण्यात, जाणं काही टळणार नव्हतं. थोरल्यांनी घराला हात लावून नमस्कार केला. मामांनी बॅग उचलून गाडीत ठेवली, दार उघडून धरलं, भाऊ बसला. मग मामा म्हणाले, "नाक्यापतूर येतो," आणि तेही आत जाऊन बसले. गाडी निघाली. मामी दारातनं ओरडल्या, "आवं, चपला घातल्या न्हाईत की ओ त्येनी!"

सोमवारी क्रेनवर माणूस नाही. सुपरवायझर माझ्या टेबलावर मुठी आपटतोय, भट्टी तयार आहे, लोखंड तयार आहे, लॅडल उचलायचं कुणी? मी मामांचा फोन लावत होते, लागत नव्हता. दुपारी त्यांचाच आला. मी तोंड सोडायच्या तयारीतच होते. "मामा, कुठं मेलाय तुम्ही? इथं शॉप उभं राहिलंय!"

"पुण्यात हाय, अक्का. चार दिस रजा टाका माझी."

"नाक्यापर्यंत गेला होता ना तुम्ही?"

"गेलतो की. उतरायचं जमलं न्हाय." मग आवाज बारीक करून म्हणाले, "अक्का, हितं लई अवघड हाय. कोण कुणाशी बोलतच न्हाय. लिफ्टमधी चार माणसं हुती, चारी भिताडाकडं बगत. पोरगा-सून दिवसभर कामाला. ह्यो एकटा काय करंल वो? म्हणून त्येला घिऊन खाली गेटवर बसलोय सकाळपासनं. येईल-जाईल त्येला सांगतोय, ह्यो माझा थोरला भाऊ हाय, नवीन आलाय, एकटा हाय, ह्येच्याशी बोलत जावा."

दुसऱ्यानं कसं वागावं हे आपलं ध्येय होऊ शकत नाही, हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं भावाशी एक शब्द न बोललेला माणूस परक्या गावात त्याच्यासाठी बोलणारी माणसं मागत बसला होता. मी एका हातानं सुपरवायझरला गप्प राहायची खूण केली.

"एक मिनिट हां, अक्का," मामा म्हणाले, आणि फोन तसाच हातात धरून क्रेनवरच्या आवाजात ओरडले, "ओ पावणं! गडबडीत हायसा व्हय? ह्यो माझा थोरला. जरा थांबा की, बोला ह्येच्याशी."